टाकीवरून उतरताना

ही गोष्ट मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेली नाही. बाबांच्याही नाही. बाबांपासून मी आयुष्यात दोनच गोष्टी लपवल्या. एक म्हणजे बारावीचे गणिताचे मार्क, जे त्यांनी लगेच शोधून काढले. दुसरी ही. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसले तर तसं काही दिसत नाहीये.

पण तोंड पाडून सांगणार नाही. या गोष्टीत हसण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते वगळलं तर तोही एक खोटेपणाच होईल.

मी पत्रकांवर वाढले. बाबा नांदेडला एका छापखान्यात कामाला होते. शाई फाकलेली, तिरकी कापलेली, उलटी छापलेली पत्रकं ते सुट्टीला गावी येताना पिशवीभर घेऊन यायचे. कुठला मोर्चा, कुठलं धरणं, कुठल्या वसतिगृहाचं काय — सगळं आमच्या घरात यायचं. आई त्यात भाकरी बांधायची. शाई ओली असली की ती भाकरीवर उमटायची. ‘निषेध’ हा शब्द मी पहिल्यांदा उलटा वाचला आणि ठेच्याबरोबर खाल्ला. ‘जाहीर’ मला बाराखडीच्या आधी येत होतं. नववीत असताना मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं — शाळेच्या मुतारीला दार नाही म्हणून. दार लागलं! त्या दिवसापासून माझा पक्का समज झाला की जगात जे काही बिघडलंय ते एका नीट लिहिलेल्या पत्रकानं दुरुस्त होतं.

आता मोबाईलचं सांगते. गोष्ट त्याचीच आहे.

आमचं गाव मुखेड तालुक्यात, माळावर. मी लहान होते तेव्हा आमच्याकडे मोबाईल म्हणजे मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन रिंगा म्हणजे एसटी चुकली, फाट्यावर सायकल घेऊन या. चुकून कुणी उचललाच तर घरभर त्याचा उद्धार. मग एकदम कंपन्या आल्या. मुखेडच्या बाजारात कांद्याच्या ढिगांपेक्षा छत्र्या जास्त दिसायला लागल्या. लाल छत्री, पिवळी छत्री, निळी छत्री, आणि प्रत्येकीखाली टाय लावून घामाघूम झालेला एक पोरगा. आमच्या शेजारच्या गोदाकाकूंनी एक सिम टोपीसाठी घेतलं, दुसरं पिशवीसाठी. तिसऱ्या कंपनीला त्यांनी घराची भिंत जाहिरातीनं रंगवू दिली, तेवढाच चुन्याचा खर्च वाचला म्हणून. त्यांच्याकडे फोन मात्र नव्हता!

मग आली ‘फुकटवाली’. तिचं खरं नाव गावात कुणी घेतच नव्हतं. सिम फुकट, बोलणं फुकट, नेट फुकट. मिस्ड कॉल एका महिन्यात मेला. माणसं शेतातून घरी फोन करून विचारायची, “काय करून राहिलीस?” आणि घरातून उत्तर यायचं, “तुमच्याशी बोलून राहिले.” इकडे बाकीच्या छत्र्या एकेक करून मिटत गेल्या. आज ही कंपनी त्या कंपनीत विरली, उद्या ती बुडाली. आम्हाला त्याचं काय? आम्ही मजेत होतो.

बुडालेल्या कंपन्यांचं आमच्या गावात काय व्हायचं, माहीत आहे? त्या वाजायला लागायच्या.

दशरथकाका आमच्या गावचे बेंजोवाले. ‘न्यू मनोहर बेंजो पार्टी’. मनोहर त्यांच्या वडिलांचं नाव, आणि न्यू म्हणजे ते स्वतः. लग्नात नवरदेवाच्या पुढे चालणारी गाडी, तिच्यावर कर्णे, मागं ढोल-ताशे, कॅसिओवर संतोष, आणि गळ्यात पट्टा अडकवून बेंजो छेडणारे काका. बेंजोच्या तारा छेडायला बोटांत एक चपटा तुकडा धरावा लागतो, त्याला नखी म्हणतात. विकतची नखी काकांना आवडत नसे. सिम ज्या प्लास्टिकच्या कार्डातून मोडून काढतात, ते उरलेलं कार्ड ते गावभरातून गोळा करायचे आणि कात्रीनं त्याच्या नख्या कापायचे. कंपनी बुडाली की काकांचा माल वाढला. पिवळ्या कंपनीची नखी दाखवून मला म्हणायचे, “तायडे, ही लई लवकर बुडाली बघ. पर आवाज? आवाज कसा न्हवरीसारखा लाजत येतो.”

पुढं काय झालं ते तुम्हीही भोगलंय. मैदानात मोजक्या कंपन्या उरल्या आणि दर वाढले. आधी फुकटवालीनं वाढवले, मागोमाग दुसरीनं वाढवले. रिचार्ज संपलं की येणारा फोनही बंद. मी तेव्हा नांदेडला एम.ए. करत होते. माझं रक्त किती उकळलं म्हणून सांगू? त्याच रात्री पत्रक लिहिलं. मथळा होता — ‘आधी पंगत बसवली, आता ताटाचं भाडं मागतात!’ मला तो मथळा अजूनही आवडतो. आणि त्यातला शब्द न् शब्द मला आजही खरा वाटतो. दहा दुकानं असली की गिऱ्हाईक राजा असतं. दोन उरली की तेच गिऱ्हाईक दोघांनी टोलवायचा चेंडू होतं. हे मी मागं घेत नाही. मी सांगायला बसलेय ते वेगळंच आहे.

दर न वाढवलेली एक कंपनी अजून होती, तिला आम्ही ‘स्वस्तवाली’ म्हणायचो. मी ठरवलं, अख्खं गाव तिच्याकडे न्यायचं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्याला सगळे पोर्ट करणं म्हणतात. मुखेडच्या बाजारात उभं राहून मी स्वस्तवालीची रेंज बघून घेतली. सगळ्या काड्या भरलेल्या. गावात येऊन बघितली का? नाही. का नाही? मथळा छापून झाला होता ना!

पारावर सभा घेतली. अशी सभा आमच्या गावात कुणी मुलीनं घेतली नव्हती, आणि माणसं ऐकत होती. मला काय चढलं होतं ते! शेवटी कुणीतरी म्हणालं, नुसत्या टाळ्यांवर भागायचं न्हाई, बेलभंडारा उचला. आमच्याकडे माळेगावच्या खंडोबाचा भंडारा हातात घेऊन शब्द दिला की तो मोडत नाहीत. मी देव न मानणाऱ्या बापाची पोर. पण म्हटलं, चळवळीच्या कामी येत असेल तर येऊ दे. शब्द मीच सांगितला — दर उतरेपर्यंत वाढीव दर घेणाऱ्या कंपनीचं सिम या गावात कुणाच्या फोनमध्ये राहणार नाही.

एकटा संतोष कुरकुरला. “काका, आपला नंबर गाडीवर हाय, लोह्यापासून मुखेडापर्यंत भिंतींवर हाय. रेंज न्हाई आली तर? ही लगनसराई कोरडी गेली तर मी डीजेवाल्याकडं जाणार, आत्ताच सांगून ठेवतो.” डीजे तेव्हा बेंजो पार्ट्यांना गिळतच होते. लातूरचे, नांदेडचे डीजे भिंतीएवढे स्पीकर घेऊन यायचे. त्या वर्षी काकांची सगळी आशा एकाच लग्नावर होती, अर्धापूरच्या केळीच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलीचं. बोलणं चालू होतं. ती सुपारी मिळाली तर पार्टी टिकणार होती, संतोष राहणार होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “काका, नंबर तोच राहतोय. काळजी कसली?”

काकांनी भंडारा उचलला.

मीही उचलला. आणि माझ्या फोनच्या दुसऱ्या खाचेत फुकटवालीचं नवं सिम होतं.

झालं, लिहिलं एकदाचं. पण खरी गोष्ट अजून पुढेच आहे.

ते सिम का ठेवलं होतं? मोहिमेसाठी असं मी स्वतःला सांगितलं होतं. सभेचा व्हिडिओ टाकायचा, माहिती पाठवायची, नेट तर लागतंच ना. खरं कारण एवढंच की व्हिडिओखाली कोण काय म्हणतंय ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. तो नवा नंबर फक्त किरणकडे होता. किरण माझी कॉलेजची मैत्रीण, अर्धापूरची; तो केळीचा व्यापारी तिचा मामा. माझे व्हिडिओ तीच पुढे पाठवायची.

बाजारातून पोर्ट करून गाव परतलं, आणि एकेकाचं सिम बदलत गेलं तशी गावात शांतता पसरली. रेंजच नाही! माळामुळे की काय कोण जाणे, स्वस्तवाली फक्त पाण्याच्या टाकीवर यायची, तीही एक काडी, तीही तिच्या मर्जीनं. पोर्ट केल्यावर तीन महिने परत फिरता येत नाही, हे मी पत्रकात बारीक अक्षरात लिहिलं होतं. मग काय, अख्खं गाव टाकीवर. जिन्यात रांग. गोदाकाकूंनी आता कुठं फोन घेतला होता, त्या माहेरी बोलायला वर चढायच्या आणि गुडघे धरून उतरायच्या. “तायडे, तुझ्या पत्रकानं माझं वजन उतरलं बघ,” म्हणायच्या. टाकीखाली एकानं चहाची गाडी लावली. जुने मिस्ड कॉल परत आले, पण रिंगच्या ऐवजी हाका मारून! कुणी मला शिवी दिली नाही. उलट जो तो म्हणायचा, जाऊ द्या, भंडारा उचललाय, कंपनीला वाकवायचंय. मला त्या माणसांचा इतका अभिमान वाटायचा की तो खिशातला फोन विसरायला होत असे. चार्ज करायला मात्र विसरत नव्हते.

उन्हाळा लागला. एके दुपारी पारावर आम्ही सात-आठजण बसलो होतो. काका सकाळपासून टाकीवर बसून नुकतेच खाली आले होते, समोरच टेकले होते. माझ्या ओढणीखाली फोन थरथरला. किरण. मी उचलला नाही. जिथं कुणाचाच फोन लागत नाही तिथं माझा कसा वाजेल? मग तिचा मेसेज आला. ओढणीच्या आडून वाचला. ‘तुमच्या बेंजोवाल्यांचा फोन दोन दिवस लागत नाहीये. मामांना बेंजोच हवाय, आजीचा हट्ट आहे. पण डीजेवाला इथं येऊन बसलाय. संध्याकाळच्या आत त्यांना होकार कळवायला सांग.’

बघा, सोपं होतं ना? काका समोर हातभर अंतरावर. तोंड उघडायचं आणि सांगायचं.

मी उठले. काकांनी विचारलं, “कुठं निघालीस उन्हाची?”

“टाकीवर. फोन लागतो का बघते.”

“आगं मी बसून आलो सकाळधरनं. एक काडी न्हाई आज. कावळ्याला बी रेंज न्हाई.”

सगळे हसले. मीही हसले. डोक्यात बेत तयार होता — टाकीवर जायचं, थोडं थांबायचं, खाली येऊन सांगायचं की वर एक काडी आली आणि किरणचा फोन आला. छान बेत होता. मी चढलेसुद्धा. वर जाऊन कठड्याला टेकले आणि मग लक्षात आलं — काका म्हणणार, लाव परत, मी बोलतो. लावणार कुठून? स्वस्तवालीची काडी खरंच नव्हती. लावायचा तर त्या दुसऱ्या सिमवरून. काका फोन हातात घेणार, संतोष मान वाकडी करून बघणार, आणि पारावर माझा भंडारा उघडा पडणार. ज्या पोरीनं अख्ख्या गावाला टाकीवर चढवलं, तिच्या खिशात पहिल्यापासून रेंज होती.

मी वर बराच वेळ बसले. काय करत बसले, तेही सांगते. व्हिडिओखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचलं. कुणीतरी ‘मराठवाड्याची वाघीण’ असं लिहिलं होतं. ते परत वाचलं. मग किरणला उत्तर लिहिलं — ‘निरोप दिला. काका कळवतील.’

आणि खाली उतरले.

काका वाटच बघत होते. “लागला का गं?”

“न्हाई काका,” मी म्हणाले.

एवढंच.

संध्याकाळी डीजे ठरला. त्यापेक्षा वाईट म्हणजे, काकांनी निरोप मिळूनही कळवलं नाही, माणूस शेफारला, अशी बोलवा अर्धापूर भागात झाली. केळीवाल्यांच्या घरांतून काकांना पुन्हा बोलावणं आलं नाही. काकांना बरेच दिवस वाटायचं, आपलंच वाजवणं जुनं झालं असावं. पावसाळ्याच्या तोंडावर संतोष नांदेडच्या डीजेवाल्याकडे गेला. जाताना काकांच्या पाया पडून गेला. त्याच्या मागोमाग ताशेवालाही. न्यू मनोहर पार्टीत काका आणि एक ढोल उरला. किरणला मी काय सांगितलं? काही नाही. तिनं विचारलं नाही, मी बोलले नाही.

तीन महिने संपल्यावर गाव हळूहळू खाली उतरलं. मुखेडच्या बाजारात परत छत्र्या लागल्या, परत टोप्या वाटल्या गेल्या. कंपन्यांनी एकमेकींच्या गिऱ्हाइकांना ओढायला नवे प्लॅन काढले, आणि आमचे लोक कुणी इकडे, कुणी तिकडे गेले. दर उतरले का? थोडे, काही दिवस. तेवढ्यावर गावानं मला शाल दिली. शाल काकांच्या हस्ते दिली. भाषण त्यांना येत नाही, तरी माईक धरून म्हणाले, “आमची तायडी कंपनीला भ्याली न्हाई. आन् आमाला बी भिऊ दिलं न्हाई.” मी हात जोडून उभी होते. ती शाल लातूरला माझ्या खोलीत आहे. थंडीत वापरतेसुद्धा, उबदार आहे.

आता मी लातूरला नोकरी करते, लिहिते, पत्रकंही काढते. लोक म्हणतात माझ्या लिहिण्यात धार आहे. असेल.

परवा घरी गेले होते. गोदाकाकूंच्या नातवाचं बारसं होतं. काका अंगणात बसून तारा जुळवत होते, ढोलवाला शेजारी. ढोलवाल्याची पोरं नाचायला तयारच होती. काका मला बघून खूश झाले. म्हणाले, “तायडे, आता कुणी कार्डच टाकत न्हाई गं. कंपन्या बुडायच्या बंद झाल्या, आमचा धंदा बसला! एखादं जुनंपानं हाय का तुझ्यापाशी?”

माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक कार्ड होतं. ते सिम ज्यातून मोडून काढलं होतं, तेच. का जपलं होतं मी ते? मला सांगता येणार नाही. मी काढून दिलं.

काकांनी ते उजेडात धरून वाकवून बघितलं. पर्समध्ये घासून त्यावरचं नाव पुसलं होतं, नक्षीही ओळखू येत नव्हती. कात्रीनं कोपरा गोल कापला, दगडावर घासला, आणि तारेवरून एकदा फिरवला. गोदाकाकू पाळण्यापासून ओरडल्या, “आहाहा दशरथा, आज लई गोड वाजतंय की!”

“नखी तायडीची हाय,” काका म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “कोणती गं कंपनी ही? कधी बुडाली?”

“बुडाली काका. कधीच.”

ती बुडालेली नाही. तिचं सिम आत्ताही माझ्या फोनमध्ये आहे, आणि त्या अंगणात त्याची रेंज पूर्ण होती. काकांनी मान हलवली आणि पाळण्याचं गाणं धरलं. पोरं नाचायला लागली, गोदाकाकू गुडघे विसरून नाचल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होते.